सात नंबरची ओळ

मी संशयी आहे. नवरा म्हणतो, तू पोलिसात जायला हवी होतीस. उगाच कारखान्याच्या हजेरीवर बसलीस. पण हजेरी म्हणजे तरी दुसरं काय? दोह्याजवळ मेसईदच्या एका कारखान्यात देखभालीची कामं करणाऱ्या कंपनीत मी आठ वर्षं माणसं मोजते. कोण आला, कोण आला नाही, कोणी मित्राचं कार्ड पंच केलं, कोण ताप आला म्हणून खोलीवर झोपलाय आणि कोणाला खरंच ताप आहे. माणसावर सरळ विश्वास ठेवणाऱ्या बाईला हे काम जमलं नसतं.

रोज सकाळी नऊच्या आत मॅनपॉवर रिपोर्ट जावा लागतो. त्याचा फॉर्म मी स्वतः बनवला आहे आणि त्याचा मला गर्व आहे, हेही सांगून टाकते. आधीचा फॉर्म चार पानी होता. मी तो एका पानात बसवला. गँगची लांबलचक नावं काढून टाकली आणि नुसते नंबर ठेवले. एक म्हणजे वेल्डर, दोन म्हणजे फिटर, सात म्हणजे ट्रान्सपोर्ट. पुढे रकाने : हजर, आजारी, दुसऱ्या साइटवर, पळालेले, नावं कमी केलेले. इथे न सांगता काम सोडून गेलेल्या माणसाला कंपनी पळालेला म्हणते, मग तो चालत का गेला असेना. ऑफिसात सगळ्यांना नंबर पाठ होते. सात नंबरची गाडी आली का, असंच आम्ही विचारायचो.

त्या वर्षी उन्हाळा संपता संपता फ्रेंच साहेब आला. साठीचा, उंच, किंचित वाकलेला. एक वर्षाचा करार, हुद्दा सल्लागार. कशाचा सल्ला द्यायचा, हे कोणी सांगितलं नाही आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याने पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून मागच्या तीन वर्षांचे रिपोर्ट मागून घेतले. ते नुसते घेतले नाहीत, वाचले. मी आठ वर्षं रिपोर्ट पाठवते आहे, पण ते वाचणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. एकदा माझ्या टेबलाशी येऊन ‘पळालेले’ या रकान्यावर बोट ठेवून त्याने इंग्रजीत विचारलं, “ही माणसं पुढे कुठे गेली?” मी म्हटलं, “सर, ते आमच्याकडे नोंदवत नाहीत.” तो म्हणाला, “नाही. कोणीच नोंदवत नाही.” असला प्रश्न सरळ माणूस विचारत नाही, असं मला वाटलं.

दुपारी सगळे कॅन्टीनला जात तेव्हा तो काचेच्या केबिनमध्ये दार लावून बसायचा. टेबलाचा एक खण कायम कुलूपबंद. मी एकदा सही घ्यायला गेले तर त्याने समोरचा नकाशा पालथा केला. नकाशावर लाल बाण होते. जाताना जाड आणि येताना बारीक. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, हा माणसं कमी करायला आलाय. नवरा म्हणाला, “मग बाणांनी काय करणार, टोचून हाकलणार?” मुलीने कानातून इयरफोन काढून “मम्मा, लीव्ह द पुअर मॅन अलोन,” म्हटलं आणि परत घातला. घरात माझं ऐकणारं कोणी नाही.

ऐकणारे होते ते ड्रायव्हरकाका. दोह्यातल्या बिन महमूद भागातून मेसईदला आमची स्टाफची बस तेच चालवायचे. साताऱ्याकडचे, सत्तावन्न वर्षांचे, या कंपनीत चौदा वर्षं काढलेले, नजमा वस्तीत सहा जणांच्या खोलीत राहणारे. मी त्यांच्या मागच्या पहिल्या सीटवर बसायचे. पाऊण तास जाताना आणि पाऊण तास येताना आम्ही मराठी बोलायचो. बाकी दिवसभर माझ्या तोंडात हिंदी आणि इंग्रजीच असायचं. त्यांची धाकटी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. “पोरगी पांढऱ्या कपड्यात हुबी ऱ्हायली, की ही चावी खाली ठिवनार बगा. त्याच्या आदी न्हाई,” असं ते आठवड्यातून एकदा तरी म्हणत. त्यांच्या तालुक्यातला एकजण दोह्यात शाळेच्या बसगाड्यांच्या एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होता. तो कितीतरी दिवस त्यांना तिकडे बोलावत होता. काका टाळत होते. इथे पगार वेळेवर, गाडी ओळखीची, रस्ता डोळे मिटून येईल असा.

मग सप्टेंबरात एका सकाळी प्रिंटरवर मला तो कागद सापडला.

वर आमच्या कंपनीचं नाव. खाली माझा फॉर्म. माझेच रकाने, माझेच नंबर, एक ते बारा. पण आकडे माझे नव्हते. तीन महिन्यांचे तीन गठ्ठे केलेले : ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. साल नाही. आणि आम्ही अजून सप्टेंबरात होतो. येणाऱ्या महिन्यांची हजेरी आत्ताच भरून ठेवलेली! मी सरळ सात नंबरची ओळ पाहिली. आमच्याकडे ट्रान्सपोर्टला चाळीस माणसं. कागदावर ऑक्टोबरला अडतीस हजर. नोव्हेंबरला अकरा. डिसेंबरला शून्य, आणि शेवटच्या रकान्यात ‘नावं कमी’.

बाकीच्या ओळी आमच्या आकड्यांशी जुळत नव्हत्या. ते मला दिसलं होतं, नाही असं नाही. वेल्डर आमच्याकडे नव्वद होते आणि कागदावर एक नंबरला बावन्न. पण संशयी माणसाला जुळतं तेवढंच दिसतं. मी फोटो काढला, कागद होता तसा ठेवला आणि पाच मिनिटांनी साहेब येऊन तो घाईघाईने उचलून घेऊन गेला, ते मी फाईलआडून पाहिलं.

संध्याकाळी बसमध्ये मागचे सगळे पेंगायला लागल्यावर मी पुढे वाकले आणि सांगितलं.

काकांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. “समदे?” एवढंच विचारलं.

“डिसेंबरात शून्य आहे, काका.”

“तुमी सोता बगितलं?”

“फोटो आहे माझ्याकडे. माझ्याच फॉर्मवर आहे.”

“म्हंजी आमी खलास.” मग वक्राचा पूल आला. पुलावर म्हणाले, “ताई, चौदा वर्सं झाली. काडून टाकलं म्हनून घरी जायचं आन् आपनहून सोडलं म्हनून जायचं, ह्यात लई फरक हाय. त्या शाळंवाल्याला गुरुवारपातुर उत्तर द्यायचंय.”

इथे मी म्हणायला हवं होतं, की थांबा, जरा खात्री करू. म्हटलं नाही. मी म्हटलं, “देऊन टाका.” माझी नजर किती बारीक आहे याचाच मला त्या क्षणी आनंद होत होता. खोटं कशाला बोलू?

काकांनी राजीनामा दिला. साहेबाचं नाव कुठे येऊ द्यायचं नाही, असं मीच बजावलं होतं. त्यांनी वय झालं म्हणून सांगितलं. नोटिशीचा काळ संपला आणि नोव्हेंबरच्या शेवटी ते शाळेच्या बसवर गेले. शेवटच्या दिवशी मला पेढ्यांचा पुडा दिला. नंतर बसवर एक केरळी मुलगा आला. चांगला होता, पण पाऊण तास गप्प बसून प्रवास करायची मला सवय राहिली नव्हती.

डिसेंबर आला आणि गेला. सात नंबरचे बाकीचे एकोणचाळीस जण रोज हजर. मी रोज सकाळी तो आकडा टाकायचे आणि वाटायचं, आता उद्या. पुढच्या महिन्यात. साहेब बेरकी आहे, मुद्दाम उशीर करतोय. जानेवारी अर्धा संपला तेव्हा मात्र मला रात्रीचं जेवण जाईना.

एका दुपारी साहेबाने केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, फोटोचं कळलं. त्याने खुर्ची दिली आणि विचारलं, “तो बसवाला, पांढऱ्या मिशीचा, का गेला? मी अधूनमधून त्याच्या गाडीने यायचो, कधी भीती वाटली नाही.”

“वय झालं, सर.”

त्याने मान हलवली. मग जरा ओशाळून म्हणाला, “तुमची एक माफी मागायची आहे. मी तुमचा फॉर्म चोरला.” आणि त्याने तो कुलपाचा खण उघडला.

खणात कागदांचा गठ्ठा होता. जुन्या, तिरक्या हस्ताक्षराच्या कागदांचे फोटो आणि त्यांच्यामध्ये माझे फॉर्म, किती तरी. तो एका डिव्हिजनचा इतिहास लिहीत होता. पायदळाची डिव्हिजन, दोनशे वर्षांपूर्वीची, त्यांच्या त्या बादशहाची, जो रशियावर चालून गेला आणि बर्फात फौज घालवून बसला. साहेबाच्या घराण्यातला एक पूर्वज त्या डिव्हिजनमध्ये होता. तो लढवय्या नव्हता, कारकून होता. पंधरवड्याला तुकड्या मोजायच्या आणि वर तक्ता पाठवायचा, हे त्याचं काम. हजर, इस्पितळात, दुसरीकडे धाडलेले, पळालेले, यादीतून काढलेले.

“तुमचेच रकाने,” साहेब म्हणाला. “तीस वर्षं मी या आकड्यांना एका पानात बसवायला बघत होतो. तुम्ही ते बसवलं होतं.” तो माझ्याकडे असा पाहत होता, जसा कोणी आपल्या गावचं माणूस परदेशात भेटल्यावर पाहतो. ऑफिसच्या कागदावर खासगी उद्योग चालतो हे कोणाला कळू नये, म्हणून दार लावायचा, नकाशा पालथा करायचा. संशयाचं सगळं सामान असं एका मिनिटात माझ्यासमोर उघडं पडलं.

मी विचारलं, “सात नंबर म्हणजे काय?”

त्याने तो कागद काढला. सात नंबर म्हणजे पूर्वजाच्या तक्त्यातली सातवी तुकडी. निम्मे लोक फ्रेंच नव्हतेच. डच, इटालियन, जर्मन, कुठून कुठून आणलेले, एकमेकांची भाषा न कळणारे. उन्हाळ्यात गेले तेव्हा सगळी ओळ भरलेली. लाल बाण जाताना जाड होता तो त्यामुळे. “पण हे अकराचे शून्य झाले ना,” साहेब म्हणाला, “ते लढाईत नाही. हे अकराजण नदीच्या अलीकडे शेकोटी करून बसले होते. कोणी तरी येऊन सांगितलं, पूल जाळला, आता आपलं कोणी नाही. ते उठून जंगलात गेले. पूल तेव्हा शाबूत होता. बाकीची डिव्हिजन त्यावरून पार झाली. माझ्या पूर्वजाने त्यांना ‘पळालेले’ लिहिलं आणि मग तुकडीच यादीतून काढली. दुसरा रकाना नव्हता त्याच्याकडे.”

“आणि सांगणारा कोण होता?”

“ते कोण नोंदवणार?” साहेब म्हणाला.

मी सगळं सांगून टाकायला तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते. पण तेवढ्यात त्याने आपल्या सल्ल्याचा अहवालही माझ्यापुढे सरकवला, पुढच्या आठवड्यात वर जाणार होता, आकडे तपासून द्या म्हणाला. ट्रान्सपोर्टबद्दल त्यात एकच ओळ होती. स्टाफसाठी दुसरी बस सुरू करावी आणि जुने ड्रायव्हर सोडू नयेत. मी आकडे तपासले, बरोबर आहेत म्हटलं आणि बाहेर येऊन बाथरूममध्ये दार लावून रडले.

शाळेच्या ठेकेदाराचं कंत्राट त्या शैक्षणिक वर्षाबरोबर संपलं. अठ्ठावन्न वर्षांच्या ड्रायव्हरला दुसरीकडे कोणी घेईना. मी आमच्याकडे प्रयत्न केला. एचआरने वयाकडे पाहून कागद परत केला. दुसरी बस सुरू झाली, तिच्यावर दुसराच माणूस. काका जूनमध्ये गावी गेले. मुलीने तिसऱ्या वर्षाला नाव घातलं नाही. ती आता तालुक्याच्या एका दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते, केसपेपर काढते. आलेल्यांची नावं लिहिते.

हे मला काकांनीच सांगितलं, शुक्रवारी सकाळी फोनवर. अधूनमधून त्यांचा फोन येतो. आवाज तसाच आहे, बसमधला. ते गावात सगळ्यांना सांगतात म्हणे, की तिकडे एक नाशिकची ताई होती, तिनं वेळेवर सावध केलं म्हणून मी इज्जतीनं बाहेर पडलो. आयुष्यभर मी माणसांवर संशय घेतला आणि या एका माणसाला माझा संशय येत नाही.

साहेब करार संपवून गेला. जाताना त्याने मला एक शिशाचा शिपाई दिला, बोटभर, स्वतः रंगवलेला. त्याच्या हातात बंदूक नाही, वही आहे. तो घरी माझ्या टेबलावर असतो.

मागच्या शुक्रवारी काकांनी सहज विचारलं, “ताई, त्या फ्रेंचवाल्यानं शेवटी किती मानसं काडली वो?”

मी शिपायाकडे पाहिलं. खरं सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती.

“सात नंबर सगळा गेला, काका,” मी म्हटलं.

“बगा,” ते म्हणाले. “तुमी हुता म्हनून वाचलो.”