एवाल्डचा डावा डोळा

एवाल्ड टिगेस आमच्या संघात कुठेही खेळायचा. बचावात माणूस कमी पडला की एवाल्ड, पुढच्या फळीत कुणी लंगडला की एवाल्ड. गोलकीपर ब्रूनोच्या लग्नादिवशी तर तो गोलातही उभा राहिला होता. जर्मनीतल्या रुहर भागातल्या एकाच खाणीवरचे आम्ही सगळे. आठवडाभर कोळसा, रविवारी फुटबॉल. कर्णधार निवडताना बाकीचे दहाही जण त्याचंच नाव घ्यायचे, आणि तो लाजून म्हणायचा, "अरे, दुसरं कुणी मिळालं नाही का?"

त्या हिवाळ्यात उंच चेंडूवर झेपावताना त्याचं डोकं दुसऱ्याच्या कपाळावर आदळलं. पुढच्या शनिवारी पाळी संपल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं.

"आल्विन, डाव्या डोळ्यापुढे काळा पडदा येतोय रे. रोज थोडा वर चढतो."

"मग डॉक्टरकडे जा ना!"

"सोमवारी जातो. उद्या खेळू दे. कुठेही उभा राहतो म्हणून तर मी तुम्हाला हवाय. उभंच राहता आलं नाही, तर कोण विचारतंय मला?"

रविवारी सामन्यात ब्रूनोचं खांद्याचं हाड मोडलं. तेव्हा बदली खेळाडू नसायचा. सगळीकडून एकच ओरडा झाला, "एवाल्ड, जा!"

ब्रूनोची जर्सी चढवताना त्याला बाही सापडेना. पहिलाच चेंडू डावीकडून आत गेला. तो हललाही नाही.

"झोपलास काय लेका?" कुणीतरी हसलं.

त्या पडद्याचं फक्त मलाच ठाऊक होतं. पुढचा चेंडू तोंडावर बसला तर? एवाल्ड मान वळवून वळवून चेंडू शोधत होता. मग एकदम गोल सोडून तो पुढे आला.

"मला दिसत नाहीये," तो म्हणाला. "डावीकडचं काहीच दिसत नाहीये."

कुणीतरी आता कानाखाली वाजवणार, असा चेहरा करून तो उभा होता. आमचा दांडगा बचावपटू काझिमिर तरातरा त्याच्याकडे गेला.

"गाढवा! जीव द्यायला आलायस इथं? काढ ती जर्सी!" आणि ती त्यानं स्वतःच घातली. उरलेल्या नऊ जणांनी सपाटून मार खाल्ला.

इस्पितळात एवाल्डच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही. खोलीत सगळा संघ दाटीवाटीनं उभा. हात गळ्यात बांधलेला ब्रूनो त्याला चमच्यानं सूप भरवत होता.

"पट्टी काढल्यावर उजव्यानंही अंधारच दिसला तर?" एवाल्डनं विचारलं. ब्रूनोचा चमचा हवेत थांबला.

उजवा वाचला, डावा कायमचा गेला. खाली खाणीत उतरणं बंद झालं. वर, खाली उतरणाऱ्यांना दिवे वाटायचं काम मिळालं. दर रविवारी तो मैदानाच्या कठड्याशी यायचा. चेंडू उंच उडाला की झटकन उजव्या डोळ्यावर तळहात ठेवायचा. ती भीती शेवटपर्यंत गेली नाही. पुढे काझिमिरनं खेळणं सोडलं, तेव्हा तोही तिथेच येऊ लागला. तो कायम एवाल्डच्या डाव्या हाताला उभा राहायचा, आणि गर्दीतलं कुणी धक्का देईल असं वाटलं की आधीच कोपर बाहेर काढायचा.