माझ्याच वयाचा तरुण माणूस

दादा माझ्याहून मोठा आहे. किती मोठा, तर त्याच्यानंतर आईला पुन्हा कळ येईपर्यंत जेवढा वेळ गेला तेवढा. आम्ही जुळे. पण तेवढ्याशा मोठेपणापायी आईने मला त्याला दादा म्हणायला लावलं, आणि मी जन्मभर म्हणत आलो. आता साठी दिसायला लागली आहे, तर लोक मला त्याचा काका समजतात. काका तरी बरा. एकदा एक बाई बसमध्ये चढल्या, माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "सकाळच्या फेरीला तुमचा मुलगा होता ना? नाकावरून ओळखलं हो. फार सांभाळून चालवतो." पुढच्या थांब्यावर मी ब्रेक असा मारला की बाईंना माझं नाकही विसरायला झालं असेल.

दोष देण्यासारखं काही हाताशी असतं तर मी एवढा जळलो नसतो. तो अधिकारी आणि मी हमाल असतो, तर म्हटलं असतं, त्याला काय जातंय तरुण राहायला. पण आम्ही दोघंही ड्रायव्हर, एकाच डेपोत, एकाच बसवर. सकाळची पाळी त्याची, दुपारची माझी. तीच धूळ, तेच खड्डे, सुट्ट्या पैशांसाठी भांडणारे तेच प्रवासी. मी गाडी ताब्यात घ्यायचो तेव्हा सीटची पाठ ताठ उभी असायची, कारण स्वारी ताठ बसून चालवायची. मी पहिल्यांदा ती पाठ मागे पाडायचो आणि मग आरसे माझ्या उंचीला खाली आणायचो. आमची उंची एकच होती कधीकाळी. ते आरसे खाली करताना रोज माझ्या पोटात दुखायचं.

त्याच्या सवयी सांगतो, म्हणजे माझा जळफळाट फुकटचा नव्हता हे कळेल. शेवटच्या थांब्यावर गाडी लागली की मी पाय वर टाकून सिगारेट पेटवायचो. हा खाली उतरायचा आणि बसला फेऱ्या मारायचा, मधूनमधून टायरला थोपटायचा, जणू म्हशीच विकायला काढल्यात. चहात साखर नाही. डब्यात भाजी भरपूर, भाकरी थोडी, आणि एकेक घास इतका चावणार की समोरच्याचं जेवण होऊन हातही वाळावेत. घरी पाहुणे बसलेले असोत, गप्पा रंगात आलेल्या असोत, झोपेची वेळ झाली की हा हात जोडून उठणार. "तुम्ही बसा, मी पडतो." आणि खरंच पडतो, आणि पडल्यापडल्या घोरतो. राहतो चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, तरी जिन्याने जातो, वर पोचल्यावर शीळ घालतो. पण हे सगळं मी सहन केलं असतं. सहन न होणारी गोष्ट म्हणजे तो कोणाशी भांडत नाही. कंट्रोलरने अंगावर ओरडावं, याने मान हलवावी आणि पाच मिनिटांत विसरून जावं. मी तेच ओरडणं घरी घेऊन यायचो, ते घेऊनच ताटावर बसायचो, उशीवरही न्यायचो.

"जरा भाऊजींकडे बघा," आमची ही म्हणायची. लग्न झाल्यापासून मी भाऊजींकडेच बघतोय.

केस रंगवत असेल असा मला संशय होता. एकदा त्याच्या घरी हात धुवायला म्हणून न्हाणीघरात शिरलो आणि फळीवरचं सगळं उलटंपालटं केलं. साबण, तेल, दाढीचं सामान. एवढंच निघालं. बाहेर आलो तर वहिनी म्हणाल्या, "काय शोधत होता भाऊजी?" मी म्हटलं, "टॉवेल." तो माझ्या खांद्यावर होता.

आता खरी गोष्ट. आम्हा ड्रायव्हर लोकांची वर्षातून एकदा मुख्य कार्यालयात तपासणी होते. डोळे, रक्तदाब, साखर. आजवर मी कसाबसा तरून गेलो होतो, कारण जुना डॉक्टर आमच्याइतकाच कंटाळलेला असायचा. या वर्षी नवीन डॉक्टर आला, आणि त्याच्यासोबत छातीला वायरी लावून ठोके कागदावर काढायचं यंत्र. हे ऐकलं आणि मला घाम फुटला. बुटाची नाडी बांधताना मला धाप लागत होती. मधूनच छातीवर कोणी गोणी ठेवल्यासारखं व्हायचं. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं, घरात तर नाहीच.

नापास झालो असतो तर स्टिअरिंग गेलं असतं आणि मला पार्सलच्या खोलीत बसवलं असतं. ती खोली मला माहीत आहे. खिडकी नाही, आणि पट्ट्यांनी बांधलेल्या खोक्यांवर दिवसभर शिक्के मारायचे. डेपोत ज्याचा उपयोग संपतो तो तिथे जातो. माझ्यापाशी दुसरं होतं काय? रूप नाही, तब्येत नाही, गोड स्वभाव तर नाहीच. पण उन्हात उभ्या राहिलेल्या माणसांच्या रांगेला मी वळणावर दिसलो की रांग हलायची. तेवढं माझं होतं. ते मला सोडायचं नव्हतं.

डेपोच्या मागच्या नळावर दादा डबा धूत होता. मी जाऊन शेजारी उभा राहिलो.

"माझ्या तपासणीला तू जा."

त्याने डब्याचं झाकण उलटं करून झटकलं. "तुला काय होतंय?"

"काही नाही."

"मग तूच जा की."

"दादा!"

शाळेत तोंडी परीक्षेला तो दोनदा आत जायचा, एकदा स्वतःसाठी आणि एकदा माझ्यासाठी. मास्तरांना कधी पत्ता लागला नाही. मला त्याने आयुष्यात नाही म्हटलेलं नाही, हेही मला त्याचं आवडत नाही. त्याने नळ बंद केला. मग म्हणाला, "एका अटीवर. हे झालं की तू गुपचूप एखाद्या चांगल्या डॉक्टरकडे जायचं. मी घेऊन जाईन." मी लगेच शपथ घेतली. शपथेला काय लागतं?

चूक कुठे होती ते आता सांगतो, आणि ती फक्त जुळ्यांनाच सुचेल अशी चूक होती. आपल्याला कोणी वेगळं ओळखू शकत नाही, हे आम्ही लहानपणी एकदा शिकलो आणि मग ते पुन्हा तपासून पाहिलंच नाही. मुख्य कार्यालयाच्या दारात मी दादाला माझं ओळखपत्र दिलं आणि शेजारी उभा राहिलो. शिपायाने फोटो पाहिला, दादाकडे पाहिलं. "वा! कालच काढल्यासारखा आहे." तो फोटो मी नोकरीत कायम झालो तेव्हाचा. मी स्वतः ते कार्ड दाखवतो तेव्हा हाच शिपाई ते उजेडात धरून बघतो. माझ्या फोटोसारखा माझा भाऊ दिसत होता आणि मी कोणासारखाच नव्हतो. तळपायाची आग मस्तकात गेली. काम माझंच होत होतं, तरी गेली.

मी खाली चहाच्या टपरीवर थांबलो. दादा आला तो सावकाश आला. शीळ नव्हती.

"नापास," तो म्हणाला.

"चेष्टा करू नकोस."

"ठोके मधेच चुकतात म्हणे. दोनदा झोपवलं, दोनदा तेच आलं. गाडीला हात लावायचा नाही म्हणालेत."

खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा मला आनंद झाला. पोटातून हसू आलं, ते मी चहात बुडवलं. टायर थोपटणाऱ्या, घास मोजणाऱ्या, आठच्या ठोक्याला झोपणाऱ्या माणसाचं काळीज बिघडलेलं! इतकी वर्षं ज्याच्याकडे बघा बघा म्हणून माझे कान किटले, तो आतून माझ्याइतकाच मोडका निघाला. माझा तो आनंद चहा संपेपर्यंतही टिकला नाही, कारण मग डोक्यात प्रकाश पडला. काळीज त्याचं, पण कागदावर नाव माझं होतं. स्टिअरिंग माझं गेलं होतं.

"उद्या माझी तपासणी आहे," दादा म्हणाला. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. "मग माझंही जाईल."

"मी जाऊ का तुझ्या जागी?" मी बोलून गेलो.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. "नको," एवढंच म्हणाला. का नको, ते दोघांनाही कळलं. त्याचं कार्ड घेऊन मी गेलो असतो तर शिपायाने मला दारातूनच हाकललं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो. सोबत म्हणून जातो असं घरी सांगितलं. खरं म्हणजे तो नापास होताना मला माझ्या डोळ्यांनी बघायचा होता. माझं गेलंच आहे तर त्याचं जाताना निदान मी हजर असावं, इतका मी जळका. तपासणी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. दादा चढून गेला. मी प्रत्येक मजल्यावर फोन बघायचं निमित्त करून थांबलो. वर पोचलो तेव्हा तो पडद्याआड झोपलाही होता. मी पडद्याजवळच्या बाकावर टेकलो. श्वास काही केल्या खाली बसत नव्हता.

यंत्र खरखरलं. मग डॉक्टर म्हणाला, "कमाल आहे. काल तुमचे भाऊ आले होते, तुम्ही जुळे ना? दोघांच्या कागदात काडीचा फरक नाही. हा जन्मतःच असलेला दोष दिसतो. जुळ्यांमध्ये एकाला असला की बहुतेक दुसऱ्यालाही असतो. सिगारेट?"

"नाही."

"झोप?"

"भरपूर."

"चालणं?"

"असतं."

"तुमचे भाऊही हेच म्हणाले. त्यावर निभावलंय तुमचं. औषधं चालू करू, अजून बरीच वर्षं ठणठणीत राहाल. पण हेच हृदय घेऊन एखादा सिगारेटी फुंकत, जागरणं करत, दिवसभर नुसता बसून राहिला असता ना, तर त्याचं काही खरं नव्हतं. असा माणूस आज माझे हे जिने चढून आला असता, तर मी त्याला पायी खाली उतरू दिलं नसतं."

मी बाकाच्या कडेला हात धरला. गोणी पुन्हा छातीवर आली होती. खिशात सिगारेटचं पाकीट होतं, ते मला कपड्यातून टोचायला लागलं. माझी तपासणी झालेलीच नव्हती. काल नाही, आज नाही. इतक्या वर्षांत माझं काळीज कोणी ऐकलंच नव्हतं, आणि ते त्याच्यासारखंच होतं.

पडदा सरकला. दादा उघड्या अंगाने, छातीवर वायरी चिकटलेल्या तसाच उठून बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरकडे वळला.

"साहेब, काल आलो होतो तोही मीच. नोकरी घ्यायची तर माझी घ्या. भाऊ हा आहे."

"हे?" डॉक्टर म्हणाला. "हे तुमचे जुळे भाऊ?"

"साहेब, ते मग बघा. आधी याला झोपवा."

डॉक्टर रागावला होता, पण माझ्या निळसर पडलेल्या ओठांकडे बघून त्याने राग गिळला. मला उचलून पलंगावर घेतलं. माझी बोटं बटणांवरून घसरत होती, म्हणून दादाने माझा शर्ट काढला. स्वतःच्या छातीवरच्या वायरी ओरबाडून काढल्या आणि डॉक्टरच्या हातात दिल्या. यंत्र पुन्हा खरखरलं.  डॉक्टरने कागद हातात धरला, दाराशी जाऊन शिपायाला हाक मारली आणि म्हणाला, "गाडी बोलवा. स्ट्रेचर वर आणायला सांगा. यांना उठू द्यायचं नाही."

दादा माझ्या उशाशी उभा होता. मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. गाल बसले होते, डोळे खोल गेले होते, तोंड वाकडं होऊन थरथरत होतं. एका क्षणात तो म्हातारा झाला होता, अगदी माझ्यासारखा दिसत होता. आयुष्यभर मला त्याला असंच बघायचं होतं. आता दिसला, आणि मला बघवेना. मी भिंतीकडे तोंड केलं आणि हात मागे करून त्याचा हात शोधू लागलो.