ताटं धाकटीला, मान थोरलीला

संध्याकाळी देवापुढं दिवा लावून झाला की मी वहीचं एक पान लिहिते. आजचं पान सायलीचं. हनुमान जयंती होऊन आठवडा झाला, तरी नळावर, गिरणीत, देवळाच्या पारावर तिचंच नाव निघतंय. ‘वनमालाबाईची सायली’ असं म्हणतात. ते ऐकलं की मी घागर अर्धी भरलेलीच उचलते. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

सायली माझ्या धाकट्या जावेची मुलगी. मला दोन मुलगेच. ती जन्मली तेव्हा वनमाला अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं पोरीला न्हाऊमाखू घातलं ते मी. ती मला मोठी आई म्हणते. रांगायला लागली तशी स्वतःच्या घरचं सोडून माझ्या चुलीपुढं येऊन बसायची. वनमाला दारातून विचारायची, “सायले, तुझं घर कोणतं हाय गं?” पोरगी माझ्या पदराकडं बोट दाखवायची. ते बोट मी अजून विसरले नाही. वनमालाही विसरली नसावी.

आता ती संभाजीनगरला विद्यापीठात पर्यावरणाचं शिकते, वसतिगृहात राहते. सुट्टीला आली की फाट्यावर एसटीतून उतरते ती खांद्याला कापडी पिशवी अडकवून. पिशवीत पाण्याची स्टीलची बाटली आणि एक खोलगट ताट, कडेला पोचा आलेलं. स्टँडवर भजी घेतली तरी ती त्या ताटात. तिथल्या पोरी म्हणे मेसमधलं उष्टं रोज काट्यावर मोजतात आणि फळ्यावर लिहितात. गॅदरिंगला नवे कपडे घेत नाहीत, एकमेकींचे घालतात. मी म्हटलं, “सायले, शिकायला पाठवलंय का दुष्काळात ऱ्हायला?” तर हसून म्हणाली, “मोठी आई, दुष्काळात ऱ्हायचं तर आपण आधीच शिकलोय. ते तिकडं जाऊन विसरायचं न्हाई, एवढंच.”

पिशव्या ती स्वतः शिवते, वनमालाच्या जुन्या साड्यांच्या. मैत्रिणींनी मागून मागून नेल्या. वनमाला नळावर सांगत होती, “माझं लुगडं बी आता विद्यापीठात शिकतंय बाई!” सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन ट्रंक उघडली. माझ्याही साड्या होत्या की, मऊसूत, घडी घातलेल्या. कुणी मागितल्या नव्हत्या. झाकण जरा जोरातच पडलं.

पण खरं दुखणं ताटांचं आहे, आणि ते जुनं आहे.

आमच्या सासूबाई केशरबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. तूप विकून चार पैसे हातात आले की वडवणीच्या बाजारातून एक जाड स्टीलचं ताट आणायच्या आणि त्यावर स्वतःचं नाव घालून घ्यायच्या. ते ताट डोक्यावरून घरी आणायचं काम माझं. अशी ताटं जमत जमत फडताळ भरलं. दुसरी त्यांची ठेव म्हणजे पत्रावळी. मारुतीच्या सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याचं कीर्तन झालं की गावजेवण असतं. त्या पंगतीच्या पत्रावळी आमच्या घरच्या. आत्याबाई पळसाच्या पानांच्या स्वतः टाचायच्या. जेवण वाढायच्या आधी भोंग्यावरून नाव पुकारायचे, “पत्रावळीची सेवा, केशरबाईंच्या घरून!”

त्या गेल्या आणि घर वेगळं झालं. गावातली जाणती माणसं ओसरीवर बसली. शेत वाटलं, जनावरं वाटली. ताटांपाशी गाडं अडलं तेव्हा एक म्हातारा म्हणाला, “ताटं धाकटीला द्या अन् पत्रावळीचा मान थोरलीला. मिटवा.” मिटलं. वनमाला फडताळाला धरून रडली, पण ओठ दाबून हसलीही. मी मनात म्हटलं, बस घेऊन. ताटं फडताळात वाजतील, माझं नाव साऱ्या शिवारात वाजंल.

तेव्हापासून दर वर्षी वाजत आलं. ओढ्याकाठचा पळस कधीच तुटला, म्हणून आम्ही बीडहून चंदेरी कागदाच्या पत्रावळींचे गठ्ठे आणायचो. देवळाची व्यवस्था बघणारा तानाजी भोंग्यावर पुकारायचा, “पत्रावळी, सुभद्राबाई गहिनीनाथ यांच्याकडून!” मी पदर सारखा करायची आणि न बघितल्यासारखं करून वनमालाकडं बघायची. जेवणं झाली की त्या पत्रावळी वाऱ्यानं ओढ्यात जायच्या. बाभळींना वर्षभर लटकून चमचमायच्या. तिकडं मात्र माझं लक्ष जायचं नाही.

यंदा सप्ताहाआधीच्या बैठकीत सायली उभी राहिली. पुढं सगळी बाप्ये मंडळी, बाया कडेला. पोरगी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, “यंदा ज्यानं त्यानं घरून ताट आणावं. ओढ्याच्या बाभळी बघितल्या का तुमी? आमच्या वसतिगृहात समद्या पोरी आपापलं ताट नेतात. शाश्वत म्हणतात त्याला. म्हंजे आज वापरलं अन् उद्या बी तेच.”

शाश्वत हा शब्द आम्ही आजवर कीर्तनात ऐकलेला, देवासाठी. ही पोरगी तो ताटाला लावत होती. ‘मोठ्या आईच्या पत्रावळी’ असं एकदाही म्हणाली नाही, एवढं तिनं राखलं. पण सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलंच.

माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, “अन् पाणी? टँकर कधी येतोय ठावं न्हाई, अन् साऱ्या गावाची ताटं धुवायची कशानं?”

बायांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जिंकले.

सायली म्हणाली, “देवळात धुवायचीच न्हाईत, मोठी आई. घरी न्यायची. घरी जेवला असता तर ताट धुतलंच असतं की! उष्टं मात्र टाकायचं न्हाई. पाहिजे तेवढंच घ्यायचं, म्हंजे मूठभर राखेनं बी ताट निघतंय.”

बैठक हसली. तानाजीनं विचारलं, “बाहेरगावचे पाव्हणे येतेत, त्यांनी काय ओंजळीत जेवायचं?”

सायलीनं आईकडं बघितलं. वनमालाच्या फडताळात ताटं आहेत हे अख्ख्या गावाला ठाऊक. वनमाला जमिनीकडं बघत पुटपुटली, “बघू.” तेवढ्यावर ठराव झाला. माझ्या नावाचा मान गेला आणि आता भोंग्यावर ‘वनमालाबाईंची ताटं’ असं पुकारणार, हे मला लख्ख दिसलं. त्या दिवशी देवपूजेत मन लागलं नाही. मारुतीरायापुढं हात जोडले. त्याला म्हटलं, तुला सगळं कळतं, मग हे कावून नाही कळत?

दोन दिवसांनी सायली आली. मी गहू निवडत होते. समोर बसली आणि सुपातले खडे वेचायला लागली.

“आई ताटं देईना,” म्हणाली.

मनात अशा उकळ्या फुटल्या म्हणून सांगू! तोंड मात्र साधं ठेवलं. “कावून गं?”

“एक बी ताट हरवलं तर आत्याबाईला काय तोंड दावू म्हणती. पाव्हण्यांच्या पिशवीत जाईल म्हणती.” नाक पुसून म्हणाली, “तुमी पाव्हण्यांपुरत्या पत्रावळी आणा. तिकडं पोरींना सांगून आले होते, आमच्या गावात यंदा एक बी पत्रावळ उडणार न्हाई. राहू द्या. माझंच चुकलं.”

म्हणजे मान परत चालत माझ्या दारी आला होता. मी ‘आणते’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात पोरगी बोलून गेली, “आईचं बी खरं हाय. आजीची आठवण तिच्यापाशीच हाय ना.”

सूप माझ्या हातातून खाली आलं.

तिच्यापाशीच? वडवणीचा बाजार तापलेला असताना आत्याबाईंच्या मागं डोक्यावर ताट घेऊन कोण चालायचं? नाव घालणाऱ्याच्या दुकानापुढं उन्हात कोण उभं राहायचं? तेव्हा वनमाला या घरात आलीही नव्हती. आणि मी पत्रावळी आणल्या, तर माझी सेवा राहिली बाहेरच्यांपुरती, गावानं नाकारलेली. आठवण तिची, ताटं तिची, पोरगी तिची, मला चंदेरी कागद.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना घेऊन बीडला गेले. पत्रावळींसाठी ठेवलेले पैसे, त्यात मी दूध विकून साठवलेले घातले. भांड्यांच्या दुकानात जाड ताटं काढायला लावली, वनमालाच्यापेक्षा काठ रुंद असलेली. नाव घालणारा मशीन धरून म्हणाला, “काय नाव घालायचं मावशी?”

“सुभद्राबाई.”

“पुढं?”

मी पदर तोंडाशी नेला. मालक म्हणाले, “आता घे की नाव, एवढं सगळं माझ्या डोक्यावर उचलून न्यायचंय!” शेवटी त्यांनीच सांगितलं, गहिनीनाथ. खाली ‘मारुती चरणी अर्पण’ असं घातलं. भोंग्यावरचं नाव वाऱ्यावर जातं. हे राहणार होतं.

पोती देवळात उतरवली तेव्हा सायली धावत आली. एक ताट उचलून बोटानं नाव चाचपलं आणि मला गच्च मिठी मारली. पारावर सगळे बघत होते. वनमालाही बघत होती, दारातून. त्या दिवशी मला दोन भाकरी जास्त गेल्या.

हनुमान जयंतीला काला झाला. माणसं घरून ताटं घेऊन आली, कुणाचं पितळी, कुणाचं परातीएवढं. पोरं वाटीनं ताटं वाजवत होती. पाहुण्यांच्या पंगतीशेजारी माझी ताटं रचलेली, उन्हात नुसती लखलखत होती. मी जरा बाजूला, पण दिसेल अशी उभी होते.

इतक्यात वनमाला आली, मागं तिचे मालक डोक्यावर पोतं घेऊन. पोतं उघडलं. आत्याबाईंची ताटं, राखेनं घासून आरशासारखी केलेली.

“पाव्हणे लई हायत म्हनलं, आक्का,” ती म्हणाली. “तुमची पुरायची न्हाईत.”

“पुरली असती,” मी म्हटलं.

“असू द्या की. तुमची नवीन हायत, सवय व्हायची त्यान्ला माणसाच्या हाताची. आमची जुनी, जाणती.”

“जाणती हायत तर मोजून ने हो. न्हाईतर आत्याबाईला तोंड दावायचंय तुला.”

ती ओठ दाबून हसली. मला ते हसू ओळखीचं होतं. वाटणीच्या दिवशीचं.

तानाजीनं भोंगा धरला आणि एका दमात पुकारलं, “ताटांची सेवा, केशरबाईंच्या घरून, सुभद्राबाई अन् वनमालाबाई!” आधी नाव माझं आलं, हे खरं. पण जयघोष उठला तो तिच्या नावानंतर. आता तानाजी थांबलाच तिथं, म्हणून उठला, असं मालक म्हणतात. म्हणू देत. मी ऐकलंय.

बायांच्या पंगतीला बायाच वाढतात. माझ्याकडं बुंदीची बादली, वनमालाकडं वांग्याच्या भाजीची. सायली रांगेत येऊन बसली आणि मी बघत राहिले, ही कुणाचं ताट घेते. पलीकडून वनमालाही पळी तशीच धरून थांबली होती. तिचं घेतलं तर मी सगळ्यांदेखत हरले, माझं घेतलं तर ती.

पोरीनं कापडी पिशवीत हात घातला आणि आपलं पोचा आलेलं ताट काढून पुढ्यात ठेवलं.

“सायले,” मी म्हटलं, “एवढी ताटं असताना?”

“ती पाव्हण्यांची. मी का पाव्हणी हाय?”

मी बुंदी वाढली. एक मूठ जास्त वाढली. वनमालानं भाजी वाढली, एक पळी जास्त. मी पुन्हा बुंदी. तिनं पुन्हा भाजी, वर बटाट्याची फोड शोधून. मी भाजीवरच बुंदी घातली.

“मोठी आई! आई! बास, बास!” पोरगी दोन्ही हात ताटावर धरून ओरडली. शेजारच्या बाया तोंडात पदर घालून हसत होत्या. एक म्हणाली, “आता खा बाई समदं. उष्टं टाकायचं न्हाई, तूच शिकवलंस.”

सायलीनं ताटाकडं बघितलं. मग आमच्याकडं. वसतिगृहातला तो फळा तिला डोळ्यापुढं दिसत असणार. तिनं माझ्या हातातली बादली घेऊन खाली ठेवली, आईची घेऊन खाली ठेवली. दोघींना मनगटाला धरून एक इकडं, एक तिकडं बसवलं.

“तुमीच वाढलंय. आता संपवू लागा.”

आम्ही जावा वेगळ्या निघाल्यापासून एका ताटात जेवलो नव्हतो. ताट पोरीच्या पुढ्यात, त्यात तीन हात. भाजीत बुंदी मिसळलेली, ती तशीच गिळली. देवाचा प्रसाद, त्याला चव बघू नये. एक कणही उरला नाही, सायलीनं बोट फिरवून ताट दाखवलं सगळ्यांना.

ओढ्यात यंदा एकही पत्रावळ उडाली नाही. पोरगी खूश होऊन परत गेली. मारुतीरायाच्या कृपेनं सगळं नीट पार पडलं, हे मी मनापासून लिहिते.

फक्त एवढंही लिहून ठेवते, की बुंदी मी वाढलेली होती आणि मोठे मोठे घास वनमालानं घेतले.