चालू गाडीची वायर

ठिणगीकाकाच्या जिभेला हाड नव्हतं आणि त्याला याचा अभिमान होता. मोटारींच्या वायरिंगच्या कामात त्याची चाळीस वर्षं गेली, त्यातली निम्मी गाड्या दुरुस्त करण्यात आणि निम्मी माणसं सोलून काढण्यात. कुणी बॅटरीला उलटी टोकं जोडून गाडी ढकलत आणली की तो बॉनेटला हात लावायच्या आधी त्या माणसाची चारचौघांत उलटतपासणी घ्यायचा. शाळा कितवीपर्यंत झाली, लग्न झालंय का, झालं असेल तर बायको हाताला धरून रस्ता ओलांडून देते का. बाकावर बसलेली गिऱ्हाइकं खो खो हसायची. ज्याची चामडी सोलली जायची तोही हसायचा, कारण त्याची गाडी काकाच्या ताब्यात असायची.

त्याची एक जुनी खोड होती. पूर्वीच्या गाड्यांत बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असायचा. काका त्यात वीज भरून ठेवायचा आणि कामाला नव्याने आलेल्या माणसाकडे फेकायचा, ‘झेल’ म्हणून. झेलणाऱ्याला खांद्यापर्यंत झटका बसायचा. त्याची मुलगी सतरा वर्षांची असताना एका दुपारी गॅरेजात येऊन म्हणाली, की मलाही हे काम शिकायचंय. समोर चार गिऱ्हाइकं बसली होती. काका म्हणाला, शिकवतो की, झेल. पोरीने बिचारीने दोन्ही हात पुढे केले. ती गुडघ्यांवर पडली तेव्हा सगळे हसले, आणि काका सगळ्यांत जास्त हसला. हा किस्सा त्याने पुढे तिच्या लग्नातही व्याह्यांना सांगितला, अगदी हातवारे करून. असल्या माणसाला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

मुलगी काम शिकली, पण दुसरीकडे. आज ती एका मोठ्या वर्कशॉपात बारा माणसांवर देखरेख करत होती. बापाकडे महिन्यातून एकदा येई, औषधं ठेवी, डोळ्यांत थेंब वेळेवर घाला म्हणे आणि निघून जाई.

गॅरेज मूळचं काकाच्या थोरल्या भावाचं. भाऊ गेला, पुतण्या मालक झाला. पुतण्या मवाळ बोलायचा, काकाचं सगळं ऐकून घ्यायचा आणि पोटात काय आहे याचा पत्ता लागू द्यायचा नाही. मोतीबिंदूनंतर काकाचा हात मंद झाला होता. पुतण्याने तीनदा सुचवलं की काका, आता घरी आराम करा. काकाने तिन्ही वेळा त्यालाच सोललं. खरं सांगायचं तर काकाला घराची भीती वाटायची. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. दोन खोल्यांत तो बोलायचा ते भिंतींना, आणि भिंती हसत नव्हत्या. हातात पक्कड नसेल तर आपण कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

अशात दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी आली. गाडी वर्षभरापूर्वीचीच, बॅटरी मात्र बसलेली. काकाने नवी बॅटरी बसवली, टोकं आवळली, बाईंना म्हणाला, तुमच्या कवळीपेक्षा जास्त टिकेल. दोन दिवसांनी बाई परत आल्या. समोरच्या पट्टीवर बॅटरीचा लाल दिवा पेटलेला. काकाने टोकं घासून घेतली, अर्थिंगची वायर तपासली. दिवा विझला आणि बाईंच्या दवाखान्यापर्यंत जाईतो पुन्हा पेटला. तिसऱ्या खेपेला त्याने इंजिनाचा पट्टा ताणून पाहिला, मीटर लावला. मीटर सांगत होता की सगळं ठीक आहे, दिवा म्हणत होता की नाही. काका दिव्याला शिव्या घालत होता.

नेमकी त्याच वेळी मुलगी औषधं घेऊन आली. तिने बॉनेटमध्ये एकदा डोकावून सांगितलं, की अशा गाड्यांना नवी बॅटरी बसवली, की ते गाडीच्या कॉम्प्युटरला एक यंत्र जोडून कळवावं लागतं. नाहीतर गाडी जुन्याच बॅटरीचा हिशेब धरून बसते आणि इशारे देत राहते. दोन मिनिटांचं काम आहे.

काकाने हातातला पाना खाली ठेवला. डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, बाकावर दोघे होते, एवढं त्याला पुरे होतं. “ऐकलंत का,” तो म्हणाला, “आता बॅटरीची आणि गाडीची ओळख करून द्यायची. पत्रिका छापू का? हिला लहानपणी एक झटका बसला होता, तो अजून उतरला नाही.”

बाकावरचे हसले. मुलीने औषधांची पिशवी खुंटीला अडकवली, बाईंना नमस्कार केला आणि ती गेली. जाताना ती पुतण्याच्या टेबलाशी दोन मिनिटं थांबली, हे काकाने पाहिलं होतं. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही.

त्याच दिवशी, मंगळवारी संध्याकाळी पुतण्याने त्याला बाजूला घेतलं. म्हणाला, गुरुवारी सकाळी बाई गाडी आणतायत, ही चौथी खेप. दिवा विझला तर तुम्ही हात चालेल तोवर इथे काम करा, मी शब्दाने बोलणार नाही. नाही विझला तर शुक्रवारपासून यायचं नाही. काकाला घरच्या दोन खोल्या आठवल्या, पण तोंड ऐकतंय थोडंच. तो म्हणाला, तुझ्या बापाला पक्कड धरायला मी शिकवलं.

त्या दोन रात्री त्याला धड झोप लागली नाही. गुरुवारी तो तासभर आधीच गॅरेजात आला. मुलीला फोन करावा असं एकदा त्याच्या मनात आलं, नंबरही काढला, आणि मग त्याने फोन खिशात टाकला. मेलो तरी चालेल, पण कालच्या पोरीला विचारणार नाही, असा तो बाणा. त्याच्याकडे स्वतःचा शेवटचा उपाय होता. चाळीस वर्षं न चुकलेला. इंजिन चालू ठेवायचं आणि बॅटरीची काळी वायर सरळ उपटायची. गाडी चालू राहिली तर वीज बनवणारा डायनामो चांगला, बंद पडली तर तो खराब. जुन्या गाड्यांचे सगळे मिस्त्री हेच करत. नव्या गाड्यांत जागोजागी नाजूक कॉम्प्युटर बसवलेले असतात आणि चालू इंजिनावर वायर उपटली की विजेचा लोंढा त्यांच्यावर जातो. नवं काम करणाऱ्यांना ही गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवतात. काकाला कोण शिकवणार?

बाई आल्या. काकाने इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि पाना घेऊन वाकला. पुतण्या दोन पावलांवर उभा होता, हात खिशात घालून. काकाने वायरचा नट ढिला केला, वर पाहिलं. पुतण्या बॅटरीकडे बघत नव्हता, काकाच्या हाताकडे बघत होता.

काकाने वायर उपटली.

इंजिनाने एकदा आचका दिला. समोरच्या पट्टीवरचे होते नव्हते तेवढे सगळे दिवे एकदम पेटले, मग सगळे विझले. काकाने वायर परत लावली, किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. कुठेच काही नाही. बाईंनी विचारलं, काय झालं? काका किल्लीच फिरवत राहिला.

उत्तर पुतण्याने दिलं. चूक आमची आहे, गाडी आम्ही पूर्ववत करून देऊ, आणि काका आजपासून काम थांबवतायत, असं तो एका दमात, न अडखळता बोलला. पाच मिनिटांत बिघडलेल्या गाड्या ओढून नेणारा ट्रक दारात आला. एरवी तो यायला तास लागतो. पुतण्याने फोन केलेला कुणी पाहिला नव्हता.

काका तोंडाने फटकळ होता, मूर्ख नव्हता. ट्रक बघून त्याला सगळं उलगडलं. वायर उपटली की गाडी मरणार हे पुतण्याला ठाऊक होतं, तरी तो बघत राहिला. गाडी मुलीच्या वर्कशॉपात चालली होती, म्हणून काकाही रिक्षा करून मागोमाग गेला. संबंध वाट त्याने वाक्यं जुळवली. पोरगी काही झालं तरी रक्ताची आहे, ती चुलतभावाला जाब विचारील.

ती काचेच्या खोलीत डबा खात होती. समोर तिचं यंत्र होतं, शेजारी एक नवं कोरं खोकं. काकाने उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. याने मला मुद्दाम करू दिलं, याला सगळं माहीत होतं, समोर उभा राहून मजा बघत होता मेला. तिने घास संपवला.

“त्याला मीच सांगितलं, मधे बोलू नकोस म्हणून.”

काकाने खुर्चीची पाठ धरली.

“दिवा विझला नाही की तुम्ही वायर उपटणार, हे मला माहीत होतं,” ती म्हणाली. “लहानपणापासून बघतेय. तुम्ही कुणाचं ऐकून घरी बसला नसता. तुम्हाला घालवायला तुमचाच हात लागणार होता.” मग तिने खोक्यावर बोट ठेवलं. “गाडीचा नवा कॉम्प्युटर. मंगळवारीच मागवून ठेवला. बाईंची गाडी उद्या मिळेल, त्यांचं काही अडणार नाही.”

बाहेर कुणीतरी गाडीचं बॉनेट आपटून बंद केलं. काका खुर्चीवर बसला. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर त्याला बरं वाटलं असतं, रागाशी त्याला बोलता येत होतं. तिथे राग नव्हता. ती थकलेलीही दिसत नव्हती. तिने कामाचा एक दिवस नीट आखला होता आणि तो आखल्याप्रमाणे पार पडला होता.

मग त्याने टेबलावरच्या यंत्राकडे पाहिलं. त्याची वायर गुंडाळून ठेवलेली होती. त्याने ती हातात घेतली, टोकावरच्या पिना अंगठ्याने चाचपल्या.

“हे कसं जोडतात ते मला दाखव,” तो म्हणाला. “बॅटरी बदलली हे गाडीला कसं कळवायचं ते. एकदा दाखवलंस तरी पुरे. मी शिकेन.”

तिने त्याच्या हातातून वायर अलगद सोडवून घेतली, पूर्वीसारखी गुंडाळली आणि जागेवर ठेवली.

“आता कशाला, बाबा,” ती म्हणाली आणि डब्याला झाकण लावून कामावर गेली.