वळसंगची विहीर आणि शंभर यार्डांची शर्यत

पुण्याहून सोलापूरला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत दोन धोतरे आणि पोहण्याच्या शास्त्रावरचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होते. पुस्तक पाठ झाले होते. नदीत मात्र मी कंबरेच्या वर कधी गेलो नव्हतो, पण शास्त्राला त्याची अडचण नसते.

बोलावणे माझा शाळासोबती बापूराव याचे. तो सोलापुरात मास्तर, मी पुण्यात. त्याचा जुना विद्यार्थी मल्लप्पा, वळसंगच्या एका लिंगायत शेतकऱ्याचा मुलगा, हिप्परग्याच्या तलावावर शंभर यार्डांच्या शर्यतीत उतरणार होता, आणि त्या शर्यतीवर बिचाऱ्याचे लग्न अडले होते. त्याला शास्त्रशुद्ध तयार करायचे काम माझ्याकडे होते. अक्कलकोटच्या एका कापडव्यापाऱ्याची मुलगी त्याने पाहिली होती, आणि तेव्हापासून त्याचे जेवणाकडे लक्ष नव्हते. हा मुलगा दिवसभर विहिरीत पडलेला असतो, हे व्यापाऱ्याच्या कानावर गेले होते. 'विहिरीत पडून काय मिळवलं ते शर्यतीला येऊन बघतो, मग बोलू,' असा त्याचा निरोप आला होता.

स्टेशनवर उतरलो तर सकाळीच ऊन डोक्यावर येऊन बसले. गिरणीचा भोंगा होताच अर्धे शहर माझ्या टांग्याच्या उलट्या दिशेने चालू लागले. पुढे दमणीतून (हलक्या बैलगाडीतून) वळसंग. तिथे शेंगांची चटणी, दही आणि कडक भाकरी पुढे आली. पहिला घास चावताच असा आवाज झाला की मला वाटले दात गेला. भाकरीच होती, आणि फार चांगली होती.

दुपारी मल्लप्पाने मोटेच्या विहिरीत उडी घेतली. तो मान वर ठेवून, काठावरच्यांशी गप्पा मारत पोहत होता. मी कपाळाला हात लावला.

"मान पाण्यात!" मी वरून ओरडलो.

"आन् बगायचं कवा, मास्तर?"

"बघायचं नाही. बघण्यात वेग जातो."

"मग कुटं चाललोय ते कसं कळायचं?"

"शर्यतीत कुठे जायचं असतं? पुढे!"

पाय कसे मारायचे हे दाखवायला मी अंगणातल्या बाजेवर पालथा पडलो. सुंभ तुटले आणि शास्त्र जमिनीवर आले. मल्लप्पा मात्र गुणी. मान बुडवून, डोळे मिटून, भिंतीच्या कडेने सतत डावीकडे वळत तो विहिरीत गरागरा फिरू लागला, आणि रोज अधिक जोरात. गोल विहिरीबद्दल पुस्तकात काही नव्हते, म्हणून मीही तिचा विचार केला नाही.

शर्यत तलावाच्या एका अरुंद फाट्यातून आडवी होती. त्या दिवशी साहेबांच्या खुर्च्या, शेवटची दोरी आणि गर्दी, सगळे पलीकडच्या काठावर होते. व्यापारी वजनदार गृहस्थ. उन्हातून वळसा घालून जायला ते तयार नव्हते, म्हणून अलीकडेच, शर्यत सुटायच्या काठावर, लिंबाखाली पानाचा डबा उघडून बसले.

"बर्री, बर्री (या, या)," त्यांनी मला शेजारी बसवले.

मी त्यांना डावपेच समजावले. पहिल्यापासून सगळा जोर लावायचा, दम राखायचा नाही, इकडेतिकडे पाहायचे नाही.

"आमच्या धाकट्या भावानं असाच धंदा केला," ते म्हणाले. "बुडाला की."

बार उडाला. मल्लप्पा निम्म्यावर सगळ्यांच्या पुढे होता. माझा ऊर भरून आला. मग त्याचा डावा खांदा झुकला. तो वळला, आणखी वळला, आणि दोरीकडे पाठ करून सगळ्या ताकदीनिशी आमच्याकडे येऊ लागला. पलीकडून लोक बोंबलत होते, पण याचे कान पाण्यात. मला घाम फुटला. या मुलाचे लग्न मी माझ्या हाताने मोडले होते.

त्याचा हात आमच्यापुढच्या चिखलात आपटला. "मास्तर, कितवा?" त्याने डोळे मिटूनच विचारले.

मी काही बोलायच्या आत व्यापारी उठून उभे राहिले. "पयला! बाकीचे अजून तितंच हायत बगा. जाऊन बसले, दम न्हाय! आमचा अळिया (कानडीत जावई) गेला बी आन् आला बी!"

मी खुलासा करायला तोंड उघडले. मल्लप्पाने डोळे उघडले, लिंब पाहिला, लांबची दोरी पाहिली, आणि चिखलातूनच मला हात जोडले.

"पहिला," मी म्हणालो.

बक्षीस एका कारकुनाला मिळाल्याचे कळले तेव्हा व्यापारी फार चिडले. निम्मी शर्यत करणाराला बक्षीस देतात, साहेबाला काही कळत न्हाय, असे ते घरी पोचेपर्यंत सांगत होते.

परतीच्या गाडीत मी पुस्तक पुन्हा उघडले. शर्यत कशी जिंकावी यावर त्यात पुष्कळ होते. आपले माणूस कोणत्या काठावर बसले आहे ते आधी पाहून घ्यावे, असे कुठेच नव्हते.

पुण्यात मंडळी वाटच पाहत होती. "काय मास्तर, शिष्य कितवा आला?"

मी कडक भाकरीचे गाठोडे सोडले.

"लग्न ठरलं," मी म्हणालो.