धडधाकट मांजर घेऊन डॉक्टरकडे

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कुणावर एकदम विश्वास ठेवतील तर शपथ! भाजी घ्यायला गेले की आधी भाजीवाल्याचा काटा बोटाने दाबून बघतात, मग टोमॅटोकडे वळतात. एकदा घड्याळाचा पट्टा बदलायला गेले तर घड्याळवाला म्हणाला, आतलं सगळं यंत्रच गेलंय. तेव्हापासून हे रस्त्यात वेळ विचारायची झाली तरी दोन माणसांना विचारतात.

त्यांचाही दोष नाही म्हणा. सगळा जन्म वजनकाट्यांच्या कारखान्यात गेला. तयार काटा बाहेर पडण्याआधी शेवटी यांच्या टेबलावर यायचा. हे त्यावर एक पितळी वजन ठेवायचे, ज्याचं वजन अगदी पक्कं ठाऊक आहे असं. त्याला ते प्रमाण वजन म्हणतात. काट्याने तेवढंच दाखवलं तर पास, केसभर इकडचं तिकडे झालं की नापास. निवृत्त झाल्यावर काटे संपले, खोड मात्र राहिली. गल्लीत सगळे त्यांना काटामास्तर म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं, यातच काय ते समजा.

घरात मूलबाळ नाही. आहे तो भोपळ्या. हा बोका लहान असताना कारखान्याच्या फाटकापासून यांच्या डब्याच्या पिशवीत बसून घरी आला आणि मालक झाला. खुर्ची त्याची, उशी त्याची, भाऊजींच्या ताटाशेजारची जागा त्याची. ताई म्हणते, "या घरात ते दोघं राहतात, मी आपली स्वयंपाकाला आहे."

तर हा भोपळ्या खाईनासा झाला. बशीपाशी जायचा, वास घ्यायचा, एखादा घास तोंडात घ्यायचा आणि टाकून मागे सरायचा. नावाला शोभेल असा गरगरीत बोका, त्याची पाठ हाताला टोचायला लागली. आमच्या भागातले जुने जनावरांचे डॉक्टर दवाखाना बंद करून मुलीकडे राहायला गेले होते. ताई म्हणाली, "अहो, दुसरा डॉक्टर बघा कुणीतरी. याचं काही खरं दिसत नाही."

"बघतो," भाऊजी म्हणाले. "पण तपासून बघतो."

मी तेव्हाच कपाळाला हात लावायला हवा होता.

गल्लीत विचारलं तर जितकी तोंडं तितके डॉक्टर. कुणी म्हणे तो लुटारू, कुणी म्हणे तोच देवमाणूस. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मला बोलावलं. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि नाही म्हणायला शिकलेले नाही, त्यामुळे या घरातलं कुठलंही वेडेपण माझ्याशिवाय पुरं होत नाही.

"हे बघ," ते म्हणाले, "आजारी जनावर नेलं तर डॉक्टर बरोबर बोलतोय की चूक, आपल्याला कसं कळणार? आपल्यालाच आजार ठाऊक नाही. तेव्हा ज्याचं सगळं ठाऊक आहे असं जनावर न्यायचं. धडधाकट. मग बघायचं, काटा काय दाखवतो."

"आणि भोपळ्या?"

"भोपळ्याला पास झालेल्या डॉक्टरकडेच न्यायचं. उगीच कुणाच्याही हातात द्यायला तो काय पिशवी आहे?"

धडधाकट मांजर समोरच्या शिंप्याकडे होतं. त्याची बॉबिन म्हणजे रेशमाची लड. दिवसभर कापडाच्या ठाणांवर लोळायची. भाऊजी दुकानात जाऊन म्हणाले, "तुमचं मांजर जरा हवं होतं." शिंप्याने तोंडातली टाचणीसुद्धा न काढता मान हलवली. विचित्र मागण्यांची त्याला सवय असावी. पोट सुटल्यावर जुनीच पँट बसवून मागणारी गिऱ्हाइकं त्याच्याकडे रोज येतात.

पहिला दवाखाना चकचकीत होता. काचेची दारं, कुत्र्यांची बाकं वेगळी, मांजरांची वेगळी. टोपली माझ्या मांडीवर, आत बॉबिन घुर्र घुर्र करत झोपलेली. डॉक्टरांनी तिचं पोट दाबलं, डोळे बघितले, उसासा टाकला आणि म्हणाले, "बरं झालं, वेळेवर आणलंत." मग यकृत आलं, रक्ताच्या तपासण्या आल्या, फोटो काढायचा ठरला, जन्मभराचं पथ्य आलं. मला वाटलं भाऊजी भडकतील. हे तर खुलले! बाहेर येऊन म्हणाले, "काटा जड दाखवतो. नापास." आणि हात झटकून टाकले.

दुसरे डॉक्टर रंगाच्या दुकानामागे बसायचे. ते फोनवर कुणाला तरी जमिनीचा भाव समजावत होते. फोन न ठेवताच त्यांनी टोपलीवर दोनदा टिचकी मारली आणि म्हणाले, "ठणठणीत आहे. न्या."

"बरोबर सांगितलं की हो!" मी म्हणाले.

"झाकण तरी उघडलं का त्यांनी? काट्यावर माल न ठेवताच वजन सांगितलं. नापास."

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला डॉक्टर हवाय की जावई?" ते तोवर पुढच्या दवाखान्याच्या दिशेने निघालेसुद्धा.

तिसरीकडे मात्र पंचाईत झाली. ते डॉक्टर फार प्रेमळ. जमिनीवर मांडी घालून बसले, बॉबिनच्या कपाळाला कपाळ लावलं, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच राहिले. मला खोकला आला तर हातानेच गप्प बसवलं. मग म्हणाले, "शरीराने ठीक आहे. पण मनाने खचलीय. घरात हिच्यावर कुणाची माया नाही." आणि माझ्याकडे बघितलं! माझ्याकडे! मी म्हटलं, "अहो, मी हिला नुसती उचलून आणलीय!" ते म्हणाले, "तेच. नुसती उचलता."

मी रस्ताभर तणतणत होते. घराच्या वळणावर भाऊजी थांबले आणि म्हणाले, "समज, हा बरोबर असेल तर?"

"काय बरोबर असेल?"

"बॉबिन खरंच खचलेली असेल तर? ती धडधाकट आहे हे कुणी ठरवलं? आपणच ना? प्रमाण वजनच खोटं निघालं तर आपण त्या पहिल्या दोघांना नापास कशावरून केलं?"

आता बोला! डॉक्टर खरा आहे हे कळायला मांजर धडधाकट हवं, आणि मांजर धडधाकट आहे हे सांगायला खरा डॉक्टर हवा. भाऊजी या चक्रात असे अडकले की त्यांना जेवणही गोड लागेना. शेवटी त्यांनी शिंप्याला सांगून बॉबिनला घरीच आणून ठेवलं, निरीक्षणासाठी. सकाळी तिची नाडी, दुपारी तिची झोप. ती आनंदी आहे का हे बघायला तिच्यासमोर दोरी हलवत बसायचे. सत्तरीकडे झुकलेला माणूस, गुडघ्यांवर, हातात सुतळी!

बॉबिन कसली खचतेय! ताई भोपळ्यासमोर बशी ठेवायची, भोपळ्या वास घेऊन मागे सरायचा आणि बॉबिन ती बशी चाटूनपुसून स्वच्छ करायची. बघता बघता प्रमाण वजनच वाढायला लागलं. भोपळ्या कपाटाखाली जाऊन बसला. ताई त्याच्यापुढे आडवी पडून चमच्याने दूध पाजायची. निम्मं बाहेर सांडायचं. ती आमच्या दोघांशीही बोलेनाशी झाली. ताई चिडली की भांडी आपटते. या वेळी भांड्यांचाही आवाज येईना.

एका सकाळी ती कपाटाखालून उठली, पदराने हात पुसले आणि भाऊजींना म्हणाली, "निरोग्याची नाडी बघताय आणि आजारी कपाटाखाली मरतोय. आज संध्याकाळी मी याला घेऊन बाहेर पडणार. जो पहिला दवाखाना दिसेल तिथे शिरणार. मग तो लुटारू असो की खाटीक."

"आणखी एकच," भाऊजी म्हणाले. "शेवटचा."

हा शेवटचा दवाखाना सायकलदुरुस्तीच्या शेजारी, एका खोलीचा. एक टेबल, एक दिवा, कोपऱ्यात हात धुवायची जागा. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या असतील, बाह्या सरसावलेल्या. त्यांनी झाकण उघडलं मात्र आणि ओरडल्या, "अगं बॉबिन! तू इथे कशी?"

बाईंनी आधी माझ्याकडे, मग भाऊजींकडे बघितलं, शांतपणे जाऊन दाराची कडी लावली आणि फोन उचलला. "शिंपीदादा, तुमची मांजर चोरीला गेलीय का? दोघं जण घेऊन आलेत. एक म्हातारा आहे, एक बाई आहे. बाई जरा रागीट दिसतेय."

रागीट! मी तोंड उघडणार तोच फोनमधून शिंप्याचा आवाज आला, "नाही हो, मीच दिलीय. आमचे काटामास्तर आहेत ते. चांगला डॉक्टर शोधताहेत."

बाईंनी कडी काढली. "बॉबिन लहानपणापासून माझ्याकडेच येते," त्या म्हणाल्या. "तुम्ही शिंपीदादांनाच का नाही विचारलंत?"

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा आम्ही टोपली सांभाळत घातला होता. भाऊजींनी फोन हातात घेतला. "अहो, तुम्ही बोलला नाहीत कधी!"

"तुम्ही डॉक्टर कुठे मागितलात?" शिंपी म्हणाला. "तुम्ही मांजर मागितलंत. ते दिलं."

बाईंनी तोवर बॉबिनला हातांनी चाचपलं, दात बघितले, काट्यावर ठेवलं. "मांजर छान आहे. पण फार जाड झालीय. कुणाचं तरी दुसऱ्याचं खातेय ही. घरात दुसरं मांजर आहे का? ते जेवत नाही का?"

मी भाऊजींकडे बघितलं. वाटलं, आता उडीच मारतील. इतकं नेमकं वजन अजून कुणीच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "चला उठा, भोपळ्याला घेऊन येऊ."

भाऊजी स्टुलावर बसून राहिले.

"अहो, उठा ना! आता काय राहिलं? पास झाल्या ना बाई?"

"झाल्या," ते म्हणाले. "नको. घरी जाऊ."

माझा पारा चढला. "भाऊजी, तुमच्या तपासणीपायी तो बोका निम्मा झालाय! माझ्या बहिणीने बोलणं सोडलंय! आणि आता सापडल्या तर घरी जाऊ?"

"या बाई खरं सांगतील गं," भाऊजी म्हणाले. "बाकीच्यांनी काहीही सांगितलं असतं तरी मी म्हटलं असतं, खोटं बोलतोय. यांनी सांगितलं तर... ते मला ऐकावंच लागेल."

चकचकीत दवाखान्यातून बाहेर पडताना हा माणूस इतका का खुलला होता, ते माझ्या टाळक्यात आत्ता शिरलं. आजाराचं नाव ऐकायला लागू नये म्हणून तो काटे नापास करत सुटला होता. मला त्यांचा रागही येईना आणि रागाशिवाय दुसरं काय करायचं तेही कळेना.

मीच ताईला फोन केला. ती भोपळ्याला आपल्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून घेऊन आली, सोबत दुकान उघडं टाकून शिंपी. बाईंनी भोपळ्याचा जबडा हळूच उघडला. तो फिस्कारला, तेवढा तरी जीव उरला होता.

"दाढ सडलीय," त्या म्हणाल्या. "खाली पू झालाय. भूक आहे त्याला, पण घास लागला की कळ येते. काढावी लागेल. मात्र बोका म्हातारा आहे आणि अशक्त झालाय. भूल दिल्यावर उठेलच, असं मी सांगणार नाही. काढली नाही तर मात्र उपाशी मरेल, हे सांगते."

भाऊजींनी विचारलं, "तुमचा असता तर तुम्ही काय केलं असतं?"

"माझा असता तर केव्हाच आणला असता," बाई म्हणाल्या. त्या हे वाईट बोलल्या नाहीत. साबणाने हात धुता धुता बोलल्या.

भाऊजींची मान खाली गेली. ताईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि बाईंना म्हणाली, "घ्या आत."

आम्ही पाच जण सायकलवाल्याच्या पायरीवर बसलो. पाचवी बॉबिन. सायकलवाला ट्यूबची पंक्चरं काढत होता. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचा, ठिगळ लावून पुन्हा बुडवायचा. एरवी भाऊजी तिथे उकिडवे बसून त्याच्या चुका काढत बसले असते. आज त्यांनी तिकडे बघितलंही नाही. शेवटी दवाखान्याचं दार उघडलं. बाई म्हणाल्या, "उठलाय. उठल्या उठल्या मला ओरबाडलंय."

दुसऱ्या दिवशी ताईने त्याच्यासमोर मऊ शिजवलेले मासे ठेवले. भोपळ्याने वास घेतला. आम्ही तिघं स्वयंपाकघरात श्वास रोखून उभे. तो थांबला, मागे सरल्यासारखं झालं, आणि मग खाली वाकून त्याने खायला सुरुवात केली, एका बाजूने, मान वाकडी करून, मचमच आवाज करत. भाऊजी ओट्याला टेकले आणि मोठ्याने रडायला लागले. अगदी हुंदके देऊन. बोका दचकला आणि त्याने बशीतून तोंड वर केलं.

"अहो, गप्प बसा!" ताई त्यांच्यावर खेकसली. तिचेही डोळे वाहत होते. "आधी त्याला जेवू द्या. मग काय रडायचं ते रडा."