बाबांच्या अंगातलं शिसं

कोणी 'अंगातली विषं बाहेर काढायचं औषध' असं काही बोलायला लागलं की मी उठून आत जाते. नातेवाइकांना वाटतं, शिकून माज आलाय. वाटू दे. बसून राहिले तर माझ्या तोंडून जे निघेल ते त्यांना ऐकवणार नाही.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. आम्ही डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला एका चाळीत राहायचो. आई, बाबा आणि मी. मी अकरावी सायन्सला होते, आमच्या सगळ्या खानदानात सायन्सला गेलेली पहिली. बाबा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये कामाला होते. सांगताना ते 'कंपनीत' म्हणायचे, पण कंपनी म्हणण्यासारखं तिथं काही नव्हतं. पत्र्याची शेड, एक भट्टी आणि सात-आठ माणसं. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवायचं आणि साच्यात ओतून नव्या प्लेटा पाडायच्या. ओतायचं काम बाबांकडे. बारा वर्षं ते त्या भट्टीच्या तोंडाशी उभे होते.

शेडचा मालक रोज दुपारी प्रत्येकाच्या हातावर एक गुळाचा खडा आणि एक केळं ठेवायचा. "गूळ खात जा. काय धूर-धूळ गेली असेल ती पोटातून साफ होते," असं तो सांगायचा, आणि बाबांना त्याचं केवढं कौतुक! "दुसऱ्या शेडमध्ये पाणी विचारत नाहीत कामगाराला," असं ते आईला सांगायचे. तोंडाला लावायचा मास्क, हातमोजे, धूर ओढून घेणारा पंखा, यातलं तिथं काही नव्हतं. गुळाचा खडा मात्र न चुकता. बाबा त्यातला अर्धा माझ्यासाठी शर्टाच्या खिशातून आणायचे. त्या शर्टावर करडी भुकटी बसलेली असायची. मी तो गूळ कित्येक वर्षं चघळलाय.

आधी बाबांच्या पोटात कळा यायला लागल्या. साध्या नव्हत्या, माणूस गुडघे छातीशी घेऊन लोळायचा. चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही. तोंडाला कसलीतरी चव येते, नाणं चोखल्यासारखी, असं म्हणायचे. आणि ते चिडायला लागले. माझ्या बाबांनी मला कधी बोट लावलं नव्हतं. त्यांनी एकदा आमटीचं ताट भिंतीवर भिरकावलं, आणि मग स्वतःच फडकं घेऊन भिंत पुसत बसले. नाक्यावरच्या डॉक्टरने पित्ताच्या गोळ्या दिल्या. फरक पडला नाही. मग चाळीतल्या एका बाईने स्टेशनच्या पलीकडच्या, पूर्वेच्या होमिओपॅथीवाल्या डॉक्टरांचं सांगितलं. मुळापासून रोग काढतात म्हणे, साइड इफेक्ट काही नाही.

आम्ही तिघंही गेलो. स्वच्छ दवाखाना, उदबत्तीचा वास, भिंतीवर शेकडो छोट्या बाटल्या. डॉक्टर पन्नाशीचे, मऊ बोलणारे. त्यांनी बाबांना तासभर समोर बसवून घेतलं. झोपताना कुठल्या कुशीवर झोपता? स्वप्नं कसली पडतात? उंचावरून खाली बघताना भीती वाटते का? घाम पहिल्यांदा कुठे येतो? लहानपणी कोण वारलं? बाबा आधी लाजत उत्तरं देत होते, मग मोकळे झाले. गावच्या विहिरीत बुडता बुडता वाचलेलो, हे त्यांनी आम्हालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. ते त्या माणसाला सांगितलं. उभ्या आयुष्यात कुठल्या शिकल्यासवरल्या माणसाने बाबांना इतके प्रश्न विचारले नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"नोकरी?" डॉक्टरांनी विचारलं.

"वागळेला. कंपनीत."

डॉक्टरांनी कागदावर 'नोकरी' असं लिहिलं आणि पुढचा प्रश्न घेतला. गोड जास्त आवडतं की आंबट?

मी तिथंच बसले होते. मी सायन्सला होते. मीही बोलले नाही.

मग त्यांनी आडनाव पुन्हा एकदा विचारलं आणि पेन जरा वेळ कागदावर धरून ठेवलं. आमच्या आडनावावरून आम्ही कोण ते इकडे कळतंच.

"मांसाहार असेल तुमच्याकडे."

"रविवारी, साहेब. असला तर," बाबा म्हणाले.

"सुकट, बोंबील?"

"ते असतं."

"मूळ तिथं आहे. तामसी आहाराने शरीरात विषं साठत जातात. तुमच्या एकट्याची चूक नाही म्हणा, पिढ्यान् पिढ्यांचं आहे ते. हळूहळू सगळं बाहेर काढू आपण."

आई त्यांच्याकडे बघत होती, ती खाली फरशीकडे बघायला लागली. घरी आल्यावर तिने सुकटीचा डबा रिकामा केला, चिंचेने घासला, उन्हात वाळवला आणि फळीवर सगळ्यात वर ठेवून दिला. एखादी चोरी पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. तो चेहरा आठवला की आजही माझ्या कानशिलात रक्त चढतं.

औषध म्हणजे साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोड गोळ्या. त्याबरोबर पथ्य. सकाळी दुधीचा रस. कांदा, लसूण, चहा, कॉफी बंद. मासे, मटण, अंडी बंद. दूध कफ करतं म्हणून तेही बंद. सोमवारी आणि गुरुवारी दिवसभर फक्त लिंबूपाणी, म्हणजे आतडी धुऊन निघतात. बाबांनी ते देवधर्मासारखं पाळलं. आमच्या घरात उपास-तापास कधी नव्हते. आम्ही बौद्ध. पण बाबा सोमवारी आणि गुरुवारी उपाशीपोटी भट्टीवर जायचे आणि उपाशीपोटी परत यायचे.

आमच्याकडे खाडीकडच्या गावातून एक कोळीण पाटी घेऊन यायची. आई तिला दारातूनच परत पाठवायला लागली, तेव्हा तिने कारण विचारलं. आईने सांगितलं, माशाने अंगात विष होतं, डॉक्टर म्हणाले. कोळणीने पाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात घेतले.

"मावऱ्यान इख असता त आमी सगली कवाच मेलू असतू! तुज्या डाक्टरला सांग, माजी आजी नव्वद वर्सां जगली."

आई कसनुसं हसली. मीसुद्धा हसले, पण मला ती बाई तेव्हा अडाणी वाटली. विज्ञान मी शिकत होते, पण त्या घरात खरं बोललेली ती एकटीच होती.

दुसऱ्या महिन्यात कळा वाढल्या. बाबा गळाले, गालांची हाडं वर आली. आम्ही परत दवाखान्यात गेलो. डॉक्टर खूश झाले. मी खोटं सांगत नाही, खूश झाले. "वाढलंय ना? उत्तम. औषध लागू पडतंय. विष बाहेर पडताना त्रास देणारच." आणि बाबा त्या दिवशी स्टेशनचा पूल चढताना दोनदा खाली बसले, तरी आईला म्हणाले, "बघ, लागू पडतंय."

मग एका रविवारी सकाळी बाबा आरशासमोर दाढी करत होते. मी अभ्यास करत होते. दाढीचं यंत्र खाली पडल्याचा आवाज आला. वर बघितलं तर बाबा उजवा हात समोर धरून उभे होते आणि पंजा मनगटातून खाली लोंबत होता, ओल्या फडक्यासारखा. ते त्याच्याकडे बघत होते. वर उचलायचा प्रयत्न करत होते आणि तो वर येत नव्हता.

"झोपेत अवघडला असेल," ते म्हणाले. डाव्या हाताने त्यांनी उरलेली दाढी केली, दोन ठिकाणी कापून घेतलं.

मी म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलमध्ये जाऊ. ते म्हणाले, डॉक्टरांनी तीन महिने सांगितलेत, मध्येच सोडलं तर विष उलटतं. त्यावरून आमचं भांडण झालं. आई रडायला लागली म्हणून मी गप्प बसले. त्या गप्प बसलेल्या मुलीला मी अजून माफ केलेलं नाही.

चार दिवसांनी, गुरुवारी, शेडमध्येच ते कळ येऊन पडले. बरोबरच्या कामगारांनी रिक्षात घालून त्यांना ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. आम्ही पोचलो तेव्हा एक तरुण डॉक्टरीण त्यांच्याजवळ उभी होती. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल. वॉर्डात दोन खाटांमध्ये तिसरा माणूस खाली झोपलेला, तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तिने बाबांचा लोंबणारा हात बघितला, अंगठ्याने त्यांचा खालचा ओठ ओढला आणि दातांच्या मुळाशी बघितलं.

"काका, काम काय करता?"

"बॅटरीच्या प्लेटा ओततो."

"किती वर्षं?"

एवढंच. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तिने मला जवळ बोलावून दाखवलं: हिरड्यांच्या कडेने, दातांना लागून, एक निळसर काळी रेघ होती. पेन्सिलीने ओढल्यासारखी. मी त्या माणसासमोर रोज जेवायला बसायचे.

"शिसं आहे हे. रक्तात, हाडांत, नसांत," ती म्हणाली. "खाणं कसं आहे यांचं?"

आईने घाबरत घाबरत पथ्य सांगितलं. दूध नाही, मासे नाहीत, आठवड्यातून दोन दिवस काहीच नाही. डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली.

"उपाशीपोटी भट्टीवर?" तिने विचारलं. मग हळू आवाजात मला सांगितलं की पोट रिकामं असलं की शिसं अंगात जास्त शोषलं जातं. दूध, मासे, अंडी यांच्यात जे असतं ते कमी पडलं की आणखी जास्त. "कपडे घरीच धुता?" तिने आईला विचारलं. आईने मान हलवली. "मग तुम्हा दोघींचंही रक्त तपासून घ्या."

म्हणजे विष काढायच्या नावाखाली आम्ही बाबांच्या अंगाची दारं विषाला सताड उघडून दिली होती. आणि आयुष्यभर गरिबीत जे थोडंफार चांगलं त्यांच्या पोटात गेलं होतं, बोंबील, सुकट, त्याचीच त्या होमिओपॅथीवाल्यांनी आम्हाला लाज वाटायला लावली होती.

तिने चिठ्ठी लिहून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये पाठवलं. तिथं कळलं की शिसं काढायचं औषध खरोखरच असतं. शिरेतून देतात, ते शिशाला धरतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. रोज मोजमाप होतं, किती निघालं, किती राहिलं. कोणी बाबांना स्वप्नं विचारली नाहीत. आईच्या आणि माझ्या रक्तातही शिसं निघालं, औषध लागण्याइतकं नव्हतं. बाबांच्या कळा थांबल्या. हात काही महिन्यांनी अर्धामुर्धा वर यायला लागला, पण बटण लावणं पुढे कायम आईकडेच राहिलं.

रिपोर्ट घेऊन मी एकटीच त्या होमिओपॅथीवाल्यांकडे गेले. बाहेर रांग होती, मी सरळ आत शिरले. त्यांनी रिपोर्ट शांतपणे वाचला आणि मान डोलावली.

"बघ, मी म्हणालोच होतो, विष आहे. माझ्या औषधाने ते वर आलं, म्हणून तपासणीत सापडलं."

मला काय बोलायचं ते मी पाठ करून गेले होते, ते सगळं विसरले. "ते काय काम करतात हे तुम्ही विचारलं नाहीत," एवढंच ओरडले. "विहीर विचारलीत, कूस विचारलीत, आंबट-गोड विचारलंत. आमचं आडनाव दोनदा विचारलंत. काम काय करता हे विचारलं नाहीत!"

"बाळ, तू लहान आहेस. रागसुद्धा शरीरातलं विषच असतं," ते म्हणाले.

मी गोळ्यांची उरलेली बाटली त्यांच्या टेबलावर उपडी केली. गोळ्या सगळीकडे घरंगळल्या. कंपाउंडरने मला दंडाला धरून बाहेर काढलं. रांगेतली एक बाई म्हणाली, "काय हे संस्कार!" दवाखाना पुढेही जोरात चालला.

शेडच्या मालकाने बाबांना परत घेतलं नाही. "एका हाताचा माणूस घेऊन काय करू? आणि गूळ देत होतो ना मी रोज?" असं तो बाबांच्या तोंडावर म्हणाला. मी सरकारी कचेरीत तक्रार दिली, स्वतःच्या अक्षरात, तीन पानं. वर्ष उलटल्यावर उत्तर आलं की सदर पत्त्यावर असा कोणताही उद्योग आढळून आला नाही. खरंच होतं. मालकाने तोवर भट्टी उचलून कल्याणच्या पुढे नेली होती, माणसांसकट.

बाबा नंतर डोंबिवलीत एका सोसायटीचे वॉचमन झाले. त्या डॉक्टरांबद्दल वाईट बोललेलं त्यांना खपायचं नाही. "माणूस चांगला होता गं, माझं ऐकून घेतलं त्याने," असं ते म्हणायचे, आणि मी भांडी आपटायचे. कारण ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त संताप यायचा. माणसाची ऐकून घेतलं जाण्याची भूक इतकी जुनी असते की त्या भुकेवर कोणीही काहीही विकावं!

नव्वदच्या दशकात मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागले. एके संध्याकाळी बाबांबरोबर शेडमध्ये असलेले एक काका घरी आले. पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले, मग माझ्यासमोर स्टुलावर बसून स्वतःच्या बोटाने ओठ खाली ओढला.

"बघ गं. आहे का?"

होती. जाड, काळी.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्यांना हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले. त्या वर्षात आणखी तिघांना नेलं. त्यातल्या दोघांनी भट्टी सोडली. एकाने सोडली नाही, त्याच्या घरात चार पोरी होत्या आणि कमावणारा तो एकटा. "ताई, पोट दुखतं ते चालतं," तो म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांदेखत कल्याणची गाडी पकडून कामावर गेला.